टॉवेल कारखान्याची कामगार नुकसानभरपाई पॉलिसी: अर्जापासून दाव्यापर्यंत

अर्जाचा पहिलाच रकाना अडवतो: कामगार किती? सोलापुरात या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या शेडमध्ये हजेरीबुकात आठ नावं आहेत. चार मागवाले म्हणजे माग चालवणारे, माग दुरुस्त करून लावून देणारा एक जॉबर, कांड्या म्हणजे सुताच्या नळ्या भरणाऱ्या दोघी आणि एक हेल्पर. पण सुताची गाडी आली की हमाल येतात, पावसाळ्याच्या तोंडावर पत्रे बदलायला माणसं चढतात आणि मोटार जळाली की वायरमन दिवसभर शेडमध्येच असतो. यातल्या कुणाचं बोट गेलं किंवा कुणी वरून पडलं, तर जबाबदारी कुणाची, हे ठरवल्याशिवाय हा रकाना भरू नये. एजंट आठ लिहून मोकळा होतो. आम्हीही आधी आठच लिहिलं होतं. मग अर्ज परत मागवून पूर्ण बदलला.

त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे ईएसआय. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला राज्य कामगार विमा योजना लागू होते आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. पगारावर मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के भरायचे. जो कामगार या योजनेत आहे, त्याला कामावरच्या अपघाताचा लाभ तिथूनच मिळतो, नुकसानभरपाई कायद्याखाली मालकाकडे वेगळी मागणी करता येत नाही. त्यामुळे ईएसआयमधल्या कामगारांसाठी ही पॉलिसी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पॉलिसीची खरी गरज तीन ठिकाणी आहे: दहापेक्षा कमी माणसांच्या शेडला, २१,००० च्या वर पगार असलेल्या जॉबर किंवा सुपरवायझरला, आणि ठेकेदाराकडून येणाऱ्या पण कुठेच नोंद नसलेल्या माणसांना. आमची शेड पहिल्या प्रकारातली.

पॉलिसी ज्या नुकसानभरपाई कायद्यावर उभी आहे तो १९२३ चा. आधी त्यात ‘कामगार’ हा शब्द होता, २०१० पासून ‘कर्मचारी’ झाला. ‘तात्पुरत्या स्वरूपाचा’ म्हणून रोजंदारीवरच्या माणसाला वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीत गेले. आता हेच नियम सामाजिक सुरक्षा संहिता २०२० च्या सातव्या प्रकरणात आले आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. हिशोबाची रीत तीच राहिली. एक भर महत्त्वाची आहे: घरून कामावर येताना किंवा घरी जाताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच मानला जातो. रात्रपाळी सुटल्यावर सायकलवरून घरी निघालेल्या मागवाल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. आपल्या पॉलिसीच्या शब्दांत १९२३ चाच कायदा लिहिलेला असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी संहितेचा उल्लेख घालून मागावा. आम्ही लेखी मागितला, तेव्हा वेगळी पुरवणी जोडून मिळाली.

आता पगाराचा रकाना. सगळा गोंधळ इथेच होतो आणि सगळं नुकसानही इथूनच सुरू होतं.

सोलापुरात माग पीसवर चालतो. किती टॉवेल निघाले, त्यावर आठवड्याचा हिशोब. बहुतेक शेडमध्ये हा हिशोब लाल वहीत असतो, उचल त्यातच वजा केलेली, आणि कायद्याच्या पगारपत्रकात भलताच एक गोल आकडा. विम्याचा हप्ता वर्षाच्या एकूण पगारावर दर हजारी आकारतात. म्हणून पगार कमी दाखवला की हप्ता कमी होतो, आणि हा सल्ला कुणीतरी देतोच.

आमचा हिशोब मांडतो. मागवाले चार, प्रत्येकी १६,०००. जॉबर १८,०००. कांडीवाल्या दोघी आणि हेल्पर, प्रत्येकी १३,०००. महिन्याचे १,२१,०००, वर्षाचे १४,५२,०००. दर उदाहरणापुरता हजारी ५ रुपये धरू. प्रत्यक्षात तो कंपनी, धंद्याची जोखीम आणि मागचे दावे बघून ठरतो. हप्ता ७,२६० आणि १८ टक्के जीएसटी धरून ८,५६७ रुपये. हेच आठजण सरसकट ९,००० पगारावर दाखवले तर वर्षाचे ८,६४,०००, हप्ता जीएसटीसह ५,०९८. वाचले जेमतेम साडेतीन हजार.

आता दुसरी बाजू. अपघातात मृत्यू झाला तर भरपाई म्हणजे मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के गुणिले तोच गुणक. गुणक कायद्याच्या तक्त्यात दिलेला आहे: वय २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. पगार कितीही असला तरी हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने आली, त्याआधी ती ८,००० होती. म्हणजे तीस वर्षांचा मागवाला गेला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. पॉलिसीत पगार ९,००० दाखवला असेल तर विमा कंपनीचा हिशोब ४,५०० वर होतो: ९,३५,९१०. फरक ६,२३,९४०. न्यायालय खरा पगार बघून पूर्ण रक्कम मंजूर करतं आणि हा फरक मालकाच्या खिशातून जातो. बऱ्याच पॉलिसींत तर कमी पगार दाखवल्यास त्याच प्रमाणात दावा कापण्याचं कलम छापलेलंच असतं. त्यातून दाखवलेला पगार किमान वेतनाच्या खाली गेला, तर आपणच आपल्याविरुद्ध लेखी पुरावा दिल्यासारखं होतं.

पीसच्या कामगाराचा ‘मासिक पगार’ काढण्याची रीतही कायद्यात आहे. सलग बारा महिने काम असेल तर त्या बारा महिन्यांच्या एकूण मजुरीचा बारावा भाग. महिन्यापेक्षा कमी काम असेल तर आपल्याकडे किंवा त्याच भागात तेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाची सरासरी. म्हणून लाल वही फेकू नका. आठवड्याचे हिशोब महिन्याच्या पगारपत्रकात चढवा, कामगाराची सही किंवा अंगठा घ्या आणि पैसे शक्यतो बँकेत द्या. उचल मजुरीतून वजा करून निव्वळ आकडाच लिहिला, तर पगार कमी दिसतो. एकूण मजुरी वेगळी, उचल वेगळी, दोन रकाने हवेतच.

कामाचं वर्णन लिहिताना ‘हेल्पर’ हा शब्द आम्ही जपून वापरतो. कागदावर हेल्पर असलेला मुलगा प्रत्यक्षात भीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढवतो, मागाला तेल देतो, संध्याकाळी मागही चालवतो. अपघातानंतर येणारा तपासनीस पहिला प्रश्न हाच विचारतो: हा माणूस त्या वेळी त्या यंत्राजवळ काय करत होता? म्हणून ‘माग चालवणे, भीम चढवणे, यंत्राची सफाई’ असं सरळ लिहावं. हप्ता थोडा वाढतो, भांडण मिटतं.

कामगारांची यादी नावानिशी द्यायची की फक्त संख्या आणि पगार, हे दोन्ही पर्याय मिळतात. आपल्या धंद्यात माणसं बदलतात. नावानिशी पॉलिसी घेतली की नवा माणूस आला त्या दिवशी कंपनीला कळवावं लागतं, आणि ते राहून जातं. आम्ही नावाशिवायची घेतो, वर्गवार संख्या आणि वर्षाचा पगार लिहून. हजेरीबुक मात्र चोख लागतं, कारण तो माणूस आपलाच होता याचा पुरावा तेवढाच.

मूळ पॉलिसीत जे येत नाही ते मागून घ्यावं लागतं. पहिलं, ठेकेदाराची माणसं. आपल्या जागेत, आपल्या धंद्याच्या कामात ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर तो थेट आपल्याकडे भरपाई मागू शकतो. आपण ती ठेकेदाराकडून वसूल करायची, हे कायद्यात आहे, पण चार पत्रे बदलणाऱ्या ठेकेदाराकडून पंधरा लाख कसे वसूल होणार? म्हणून वर्षभरात हमाली आणि दुरुस्तीवर जाणाऱ्या मजुरीचा अंदाज वेगळ्या ओळीत लिहून तेवढा हप्ता भरतो. दुसरं, दवाखान्याचा खर्च. २०१० पासून कामावरच्या इजेचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा आहे आणि तो भरपाईतून वळता करता येत नाही. पॉलिसीत मात्र त्याला मर्यादा असते किंवा तो नसतोच. बोटांची शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यात कितीला पडते ते विचारून मगच मर्यादा निवडावी. तिसरं, व्यवसायजन्य आजार. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बायसिनोसिस, कायद्याच्या यादीत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत उसाच्या चोथ्याच्या धुळीने होणारा बगॅसोसिसही त्याच यादीत आहे, आणि आवाजाने जाणारी ऐकण्याची शक्तीही. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. चौथं, व्याज. पैसे देय झाल्यापासून महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं आणि विनाकारण उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंड विमा कंपनी कधीच भरत नाही. व्याज भरते की नाही, हे पॉलिसीच्या शब्दांवर असतं, आणि ते वगळलेलं असेल तर न्यायालयही कंपनीवर लादत नाही. ही ओळ शोधून वाचा.

टेम्पोच्या ड्रायव्हरचं थोडं वेगळं आहे. गाडीच्या विम्यात त्याच्याबद्दलची मालकाची जबाबदारी येते. रस्त्यावरच्या अपघातात त्याने किंवा वारसांनी मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाईचे दावे ऐकणारे नुकसानभरपाई आयुक्त, यांपैकी एकच दार निवडायचं असतं.

मालक, भागीदार आणि पगारावर नसलेली घरची माणसं या पॉलिसीत येत नाहीत. १८ मे २०२५ ला याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, मालकही गेले. आपल्याकडे शेडच्या वर किंवा मागे राहण्याची रीत जुनी आहे. कामगाराचं कुटुंब तिथे राहत असेल तर बायकामुलांना ही पॉलिसी नाही, आपल्या स्वतःच्या घरच्यांनाही नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो. आणि जिथे माणसं झोपतात तिथून बाहेर पडायला दुसरा दरवाजा हवा, तो कुठल्याही विम्याच्या आधी.

आता दावा. आमच्याकडे मागवाल्याच्या उजव्या हाताची तर्जनी मागाच्या चाकात गेली. चालू मागावर अडकलेलं सूत काढताना. पूर्ण बोट गेलं. तिथून पुढचा क्रम असा.

दवाखान्यात नेताना सोबत गेलेला माणूस काय बोलतो, यावर अर्धा दावा ठरतो. घाबरून किंवा पोलिसांची कटकट नको म्हणून ‘घरी दारात बोट सापडलं’ असं सांगतात, आणि डॉक्टर तेच पहिल्या कागदावर लिहितात. पुढे तो कागद कुणी बदलत नाही. सिव्हिलला नेलं किंवा खासगीत, ‘कारखान्यात, मागावर काम करताना, अमुक वाजता’ एवढं पहिल्या केसपेपरवर आलं पाहिजे आणि एमएलसी, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद, झाली पाहिजे. आमच्याकडे हे सांगितलं गेलं होतं, पण वेळ चुकीची लिहिली गेली, पाळी सुरू होण्याच्या आधीची. हजेरीच्या पंचिंगशी ती जुळेना. डॉक्टरांकडून दुरुस्तीची सही आणायला चार खेपा झाल्या.

त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल आणि दुसऱ्या दिवशी शिक्क्याची पोच असलेलं पत्र दिलं. पॉलिसी क्रमांक, नाव, वय, कामाचा प्रकार, पगार, यंत्र, वेळ, साक्षीदार, दवाखाना, एवढंच. कुणाची चूक, यावर एक शब्द नाही. चूक कुणाची हा प्रश्न या कायद्यात बहुतेक वेळा येतच नाही. दारू पिऊन, मुद्दाम नियम मोडून किंवा जाळी मुद्दाम काढून इजा करून घेतली, तरच मालक सुटतो. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर या कारणांनीही सुटत नाही. मागाचे फोटो मात्र लगेच काढले, चाकावरच्या जाळीसकट. चाकाला जाळी होती हे दाखवता आलं म्हणून पुढचे प्रश्न कमी झाले. जिथे जाळी जॉबरनेच काढून कोपऱ्यात ठेवलेली असते, तिथे कामगाराने काढली असं म्हणता येत नाही. मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास आयुक्तांना सात दिवसांत अहवाल द्यावा लागतो. कारखाना नोंदणीकृत असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला वेगळी सूचना जाते.

मग कागद: दाव्याचा फॉर्म, बारा महिन्यांचं पगारपत्रक, हजेरी, बँकेचे उतारे, वयाचा पुरावा, एमएलसी, उपचाराची बिलं, शेवटी अपंगत्वाचा दाखला. वयावर अडलं. आधारवर तारीख १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर वेगळं साल. आधारप्रमाणे तीस, दाखल्याप्रमाणे तेहतीस. गुणक २०७.९८ की २०१.६६? शेवटी शाळेचा दाखला धरला गेला. आता नवा माणूस घेतला की शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद पहिल्याच दिवशी घेतो.

अपंगत्वाच्या टक्क्यावर आणखी एक घोळ झाला. डॉक्टरांनी दाखल्यावर स्वतःचा टक्का लिहिला. पण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ठराविक इजांचे टक्के ठरलेले आहेत आणि तिथे डॉक्टरांचं मत चालत नाही. पूर्ण तर्जनी १४ टक्के, मधलं बोट १२, अंगठा ३०, एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही ५०. एका डोळ्याची दृष्टी गेली तर ३०, डोळाच गेला तर ४०. बाण्याचं सूत नेणारा धोटा उडून डोळ्याला लागण्याची भीती जुन्या मागावर कायम असते, म्हणून हे दोन आकडे माहीत असावेत. परिशिष्टात नसलेल्या इजेलाच कमाईची शक्ती किती गेली, ते डॉक्टरांनी ठरवायचं. आमचा हिशोब असा झाला: १५,००० च्या ६० टक्के ९,०००, गुणिले २०१.६६, म्हणजे १८,१४,९४०. त्याचे १४ टक्के २,५४,०९२ रुपये. त्याशिवाय काम बंद होतं तेवढ्या काळाची तात्पुरत्या अपंगत्वाची अर्धमासिक रक्कम, पगाराच्या २५ टक्के, म्हणजे पंधरवड्याला ३,७५०. इजा तीन दिवसांत बरी झाली तर ही रक्कम नाही, दवाखान्याचा खर्च तरीही आहे.

पैसे हातात द्यायचा मोह होतो. स्टँपपेपरवर ‘आता काही मागणी नाही’ लिहून घ्यायचं, पन्नास हजार द्यायचे, सगळे सुटले. असा करार कायद्यापुढे शून्य आहे. हक्क सोडून देणारा करार रद्द ठरतो, समझोता आयुक्तांकडे नोंदवलेला नसेल तर पूर्ण रकमेची मागणी दोन वर्षांत पुन्हा येऊ शकते. कामगार मेला असेल किंवा एकरकमी रक्कम स्त्री कामगाराची असेल, तर ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसांना थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरत नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम देता येते. आपल्याकडे आयुक्त म्हणजे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, संहितेत त्यांच्या जागी सक्षम प्राधिकारी असा शब्द आहे. आम्ही समझोत्याचा मसुदा तिथेच नोंदवला. कामगाराला तो मराठीत वाचून दाखवला, आणि त्याची घरची भाषा तेलुगू असल्याने जॉबरने तेलुगूतही समजावून सांगितला.

भरपाईच्या हक्काची माहिती कामावर घेतानाच लेखी द्यायची, हे २०१७ पासून मालकाचं बंधन आहे. एका पानावर पॉलिसी क्रमांक, कंपनीचा फोन, अपघात झाल्यावर दवाखान्यात काय सांगायचं, आणि दावा दोन वर्षांत करायचा, एवढं लिहून आम्ही ते मराठी आणि तेलुगूत शेडच्या दारावर लावलं आहे आणि प्रत्येकाच्या सहीची प्रत फाईलला आहे.

वर्ष संपलं की कंपनी प्रत्यक्ष दिलेल्या पगाराचं पत्रक मागते. जास्त निघाला तर फरकाचा हप्ता, कमी निघाला तर परतावा. मार्चमध्ये ऑर्डर जास्त होती आणि एक मागवाला तीन महिन्यांसाठी वाढवला होता, त्याची मजुरी या पत्रकात घातली. पत्रकाची तारीख चुकवू नये, कारण ते दिल्याशिवाय पुढच्या वर्षीचा दर ठरत नाही, आणि जुनी पॉलिसी रात्री बारा वाजता संपली की रात्रपाळीचे माग विम्याविना चालतात.